फ्लॅट लातुरात, मालक अहमदपुरात

पत्र

स. न. वि. वि.

जिल्हा परिषदेच्या शाळेतून नुकताच निवृत्त झालो. वय ५८, राहणार अहमदपूर. फंड, ग्रॅच्युइटी आणि अंशराशीकरण (पेन्शनचा काही हिस्सा आधीच एकरकमी घेणं) मिळून मागच्या महिन्यात ४४ लाख रुपये खात्यात आले. पेन्शन हातात ४५ हजार पडेल. मुलीचं लग्न झालं. मुलगा पुण्यात कंपनीत आहे, तिथंच भाड्यानं राहतो. आमचे साडू लातुरात प्लॉटिंगचं बघतात. त्यांनी ट्यूशन भागात, बाहेरगावची पोरं क्लासला येऊन राहतात तिथं, दोन बेडरूमचा, ८५० चौरस फुटांचा तयार फ्लॅट दाखवला. किंमत ३६ लाख. म्हणाले, "गुरुजी, सहा पोरं बसवा, डोक्यामागं तीन हजार, महिन्याला १८ हजार. दुसरी पेन्शनच की!" खरेदीखत २४ लाखांचं करायचं आणि १२ लाख वरून द्यायचे, खर्च वाचतो, असंही म्हणतात. सौभाग्यवतींचा कल घेण्याकडे आहे. तिचं म्हणणं, बँकेत पैसा दिसला की भावकी मागायला येते. इसार द्यायला आठ दिवस आहेत. काय करावं? आणि नाही म्हणायचं तर साडूंना काय सांगावं? अहमदपूरचं घर स्वतःचं आहे, २००३ साली बांधलेलं, कर्ज नाही. वर स्लॅब मोकळाच आहे. पुढंमागं बांधू म्हणून कॉलमच्या सळया तशाच ठेवल्यात.

— एक निवृत्त गुरुजी

उत्तर

गुरुजी, नमस्कार.

आधी इसाराचं. तो देऊ नका. आठ दिवसांची घाई फ्लॅटला नसते, मधल्या माणसाला असते. ट्यूशन भागात विकाऊ फ्लॅट आज आहेत, दिवाळीला असतील आणि पुढच्या पाडव्यालाही असतील.

माझं मत सरळ सांगतो, कारणं मागून. हा फ्लॅट तुम्ही घेऊ नये. भाड्यासाठी घर घेणं वाईटच असतं असं नाही. काही जणांना ते चांगलं फळतं, त्यांच्याबद्दलही पुढं लिहितो. पण त्याला दुसरी पेन्शन म्हणू नका. ती दुसरी नोकरी आहे. आत्ता कुठं एका नोकरीतून सुटलात, आणि साडू दुसरीची ऑर्डर घेऊन दारात उभे आहेत. पगार कमी, आणि कामाचं ठिकाण घरापासून साठ-सत्तर किलोमीटर.

वहिनींचं म्हणणं मात्र मला पटतं. बँकेतला पैसा घरच्यांपेक्षा भावकीला जास्त दिसतो. कुणाची बोअर, कुणाचं लग्न, कुणाच्या पोराची डोनेशन. भिंतीत घातलेला पैसा कुणी उसना मागत नाही, हा घराचा फार मोठा गुण आहे आणि कुठल्याच हिशोबाच्या पुस्तकात तो लिहिलेला नसतो. शिवाय गेल्या काही वर्षांत मराठवाड्यात मल्टिस्टेट पतसंस्था ज्या पद्धतीनं कोसळल्या, ते बघितलेल्या माणसाला "ठेव" हा शब्द ऐकूनच घाम फुटतो. विटेला हात लावता येतो, पासबुकाला लावून काय उपयोग? हे सगळं खरं आहे. महागाई वाढली की भाडंही हळूहळू वाढतं, ठेवीवरचं व्याज मात्र ठरलं तेवढंच राहतं, हेही खरं. म्हणून वहिनींना "तुला काय कळतं" असं म्हणू नका. त्यांना आजार बरोबर कळलाय, फक्त औषध साडूंच्या दुकानातलं आहे.

आता साडूंच्या हिशोबाची पाटी पुसून नवी लिहू.

फ्लॅट ३६ लाखांचा. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क सहा टक्के धरा. वहिनींच्या एकटीच्या नावावर घेतला तर एक टक्का सवलत, म्हणजे पाच टक्के, १ लाख ८० हजार. नोंदणी फी ३० हजार. दलाली एक टक्का, ३६ हजार (साडू आहेत म्हणून सोडतील असं वाटत असेल तर विचारून बघा). वकिलाचा सर्च रिपोर्ट आणि मीटर नावावर करणं, १५ हजार. मग सहा कॉट, सहा टेबल, पंखे, गिझर, पाण्याचं फिल्टर, इन्व्हर्टर, सव्वा लाखाच्या आत बसलं तर नशीब. १ लाख २० हजार धरतो. बेरीज ३९ लाख ८१ हजार. म्हणजे ३६ चा फ्लॅट पहिलं पोरगं आत यायच्या आधीच चाळिसाला टेकला.

आता आवक. सहा गुणिले तीन हजार गुणिले बारा, हा साडूंचा गुणाकार. तुम्ही गणिताचे असाल-नसाल, पण शाळेचं वर्ष कसं चालतं हे तुमच्यापेक्षा चांगलं कोण जाणतं? मेडिकल प्रवेशाची 'नीट' परीक्षा मे महिन्यात होते. परीक्षा झाली की पोरं त्याच संध्याकाळच्या एसटीनं गावी. दहावीचा निकाल, अकरावीचे प्रवेश आणि पुन्हा परीक्षा देणाऱ्या रिपीटरची बॅच जमेपर्यंत खोल्या रिकाम्या. म्हणजे भाडं दहा महिन्यांचं: १ लाख ८० हजार. त्यातही एक कॉट अर्धं वर्ष रिकामी राहतेच. कुणाला घरची आठवण येते, कुणाचं मेसच्या जेवणानं पोट बिघडतं, कुणाचा मित्र दुसऱ्या रूमवर असतो. १८ हजार वजा. राहिले १ लाख ६२ हजार.

खर्च असा. सोसायटीचा मेंटेनन्स महिना बाराशे, वर्षाचे १४,४००. घरपट्टी-नळपट्टी नऊ हजार, आणि भाड्यानं दिलेल्या घराला बऱ्याच ठिकाणी घरपट्टी जास्त लागते. दरवर्षीचा रंग आणि दुरुस्ती २० हजार. उन्हाळ्यातल्या टँकरचा वाटा आठ हजार. तुमच्या लातूरच्या चकरा, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, "सर, मोटर जळाली" अशा फोनांचे मिळून दहा हजार. एकूण ६१,४००. हातात राहिले १ लाख ६०० रुपये. चाळीस लाखांवर वर्षाला लाखभर. अडीच टक्के, गुरुजी. महिन्याला १८ हजार म्हणून जे दाखवलं, ते साडेआठ हजारही भरत नाही.

यावर साडू म्हणतील, "भाड्याचं सोडा, भाव वाढेल ना!" वाढेलही. मी माझंच सांगतो, म्हणजे ऐकीव वाटणार नाही.

मी बँकेत होतो. २०१४ साली नांदेडला बदली असताना लातुरात एक फ्लॅट घेतला, १८ लाखांत. हाच विचार, हीच पोरं. पहिली दोन वर्षं बरी गेली. मग २०१६ चा उन्हाळा आला. मांजरा धरण कोरडं, नळाला पाणी येण्याची तारीख कुणाला सांगता येईना, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं. टीव्हीवर दिसलं नाही ते असं, की माझ्या फ्लॅटमधली पाचही पोरं आंघोळीला शनिवारी आपापल्या गावी जायची आणि सोमवारी दोन-दोन कॅन भरून घेऊन यायची. त्यांच्याकडून पूर्ण भाडं कुठल्या तोंडानं मागणार? टँकर मी भरला.

दर मे महिन्यात पोरं गेली की मी फ्लॅट उघडायला जायचो. एकदाचं दृश्य अजून डोळ्यांपुढं आहे. हॉलच्या भिंतीवर स्केचपेननं आवर्तसारणी काढलेली, इतकी सुबक की पुसवेना. दारामागं "फक्त ९७ दिवस" आणि त्याखाली तुरुंगातल्या कैद्यासारख्या मारलेल्या रेघा. पंख्याचा रेग्युलेटर गायब, नुसत्या दोन वायरी पिळलेल्या. कपाटाच्या एका दाराची बिजागरी निघालेली म्हणून ते वहीच्या पुठ्ठ्यानं अडवलेलं. गिझर चालत नाही म्हणून खोलला, तर आतल्या कॉइलवर बोअरच्या पाण्याच्या क्षाराचा बोटभर जाड पांढरा थर. गिझर दुरुस्त करणाऱ्यानं स्क्रूड्रायव्हरनं टोकरलं तर चुना पडावा तसे तुकडे पडले. म्हणाला, "साहेब, लातूरच्या बोअरला दुसरं काय होणार? दर दोन वर्षाला बदलायचंच धरून चाला." पोरं वाईट नव्हती हो. त्यातल्या एकाचा एमबीबीएसला नंबर लागला तेव्हा पेढे घेऊन घरी आला. पण मालकाला पेढा एक मिळतो आणि रंगाचं बिल चौदा हजारांचं येतं.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला. पोरं दोन दिवसांत गेली, सामान तसंच. कुलूप लागलं ते लागलंच. महिन्यांमागून महिने भाडं शून्य, मेंटेनन्स चालू, आणि आत पुस्तकांना वाळवी. लातूरचा सगळा भाडेबाजार एका परीक्षेवर उभा आहे. क्लास चालू तर शहर चालू. पोरांची कसून तयारी करून घेणाऱ्या "लातूर पॅटर्न"चा मला अभिमान आहे, पण सगळी म्हातारपणाची पुंजी एका परीक्षेच्या वेळापत्रकावर टांगावी इतका नाही.

शेवटी २०२२ ला विकला. २४ लाख आले. गिऱ्हाईक मिळायला सात महिने लागले, तेही दोनदा ठरलेला सौदा मोडून. अठराचे चोवीस, आठ वर्षांत. वर्षाला साडेतीन-पावणेचार टक्के वाढ, वर तेवढंच किरकोळ भाडं. तोटा झाला नाही. पण त्या आठ वर्षांतले रविवार कुणी मोजले तर तोटाच आहे. माझ्यापेक्षा जास्त कमावलेले लोक लातुरात आहेत, नाही म्हणत नाही. ते एक तर फार आधी शिरले किंवा तिथंच राहतात.

आता त्या "वरून" द्यायच्या १२ लाखांबद्दल. इथं मला थोडं कडक बोलू द्या. तुमचा पैसा सरकारी खजिन्यातून आलेला, पै न् पै पांढरा. तो स्वतःच्या हातानं काळा करायचा? वाचतं किती, तर १२ लाखांवरचं मुद्रांक शुल्क, साठ-बहात्तर हजार. तेही रेडी रेकनरची, म्हणजे सरकारनं त्या भागासाठी ठरवलेली, किंमत २४ लाखांच्या वर नसेल तरच, कारण शुल्क रेकनर आणि करार यांतल्या मोठ्या आकड्यावर लागतं. आणि जातं काय ते बघा. उद्या कागदात खोट निघाली, सौदा रद्द करायची वेळ आली, तर कोर्टात तुम्ही २४ लाखच दिलेत. पुढं हाच फ्लॅट ४० लाखांना विकला तर सरकारच्या लेखी नफा ४ नव्हे, १६ लाख. दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावर साडेबारा टक्के कर, म्हणजे पन्नास हजारांच्या जागी दोन लाख. वाचवले साठ, घातले दीड लाख. शिवाय जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. हा दंड विकणाऱ्याला, खरं आहे. पण चौकशीत बँकेतून १२ लाख रोख कुणी काढले, हे नाव तुमचंच निघणार. खरेदीखत जेवढ्याला व्यवहार तेवढ्याचं, नाहीतर व्यवहार नाही. यात साडू, भाऊ, जावई कुणी नसतं.

साडू प्लॉटिंगचं बघतात म्हणता, म्हणजे फ्लॅट नको म्हणालात की दुसऱ्या दिवशी रिंग रोडबाहेरचा प्लॉट येईल. आधीच सांगून ठेवतो. "गुंठेवारी आहे, पण नियमित होते," हे वाक्य ऐकलं की चहा संपवा आणि उठा. गुंठेवारी म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्यागुंठ्यानं पाडलेले प्लॉट. त्याचा कायदा २००१ चा, २०२१ मध्ये सुधारला, आणि त्यात ३१ डिसेंबर २०२० पर्यंतचीच बांधकामं बसतात. आज पाडलेला प्लॉट त्यात येत नाही, शंभर काय आणि पाचशे काय, कितीच्याही बाँडवर लिहून दिला तरी. आपल्याकडं आणखी एक निजामाच्या काळापासूनची भानगड आहे. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २, इनाम, खिदमतमाश असं काही दिसलं की ती जमीन मालकाला मोकळेपणानं विकता येत नाही. सरकारची परवानगी लागते, नजराणा म्हणून रक्कम भरावी लागते, आणि खिदमतमाश असेल तर ती देवस्थानाची किंवा वक्फची जागा. आजोबांनी घेतली, बापानं कसली, नातवाला नोटीस आली, अशी घरं मराठवाड्यात गावोगाव आहेत. तीस वर्षांचा सर्च आणि बिनशेतीचा आदेश डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुठल्याही जमिनीला हात लावू नका. फ्लॅट असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला, मागा. "लवकरच मिळणार आहे" हे उत्तर म्हणजे नाही.

आता भाडेकरूंचं, कारण हे तुम्हाला अहमदपुरातही लागणार आहे (का ते खाली येईल). आपल्याकडं भाडं तोंडी ठरतं. "मास्तर चांगले आहेत, लिहायचं काय त्यात!" पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ सांगतो की करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. केला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, आणि भांडण झालं तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, ही समजूत निदान आपल्या राज्यात चुकीची आहे. "लिव्ह अँड लायसन्स" म्हणतात तो करार घरबसल्या ऑनलाइन नोंदवता येतो, आधार आणि अंगठा लागतो. खर्च म्हणाल तर वर्षाच्या भाड्यावर पाव टक्का मुद्रांक आणि शहरात हजार रुपये नोंदणी. दीड हजारात काम. मुदत संपून माणूस हलला नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडं जाता येतं, आणि राहील तितके दिवस दुप्पट रक्कम मागता येते. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्या. आणि एक गोष्ट लातुरात दहातले नऊ मालक विसरतात: अकरावीचं पोरगं सोळा वर्षांचं असतं, कायद्यानं अज्ञान. त्याच्या सहीला कागदाचीही किंमत नाही. करार आई-बापाशी करायचा.

मग हा धंदा कुणाला परवडतो? जो त्याच गल्लीत राहतो त्याला. ज्याची जागा बापजाद्यांची आहे आणि फक्त बांधकामाचा खर्च आहे, त्याला. चाळिशीतल्या नोकरदाराला, ज्याच्याकडं निम्मे पैसे रोख आहेत आणि चार महिने खोली रिकामी राहिली तरी हप्ता पगारातून भरता येतो. त्यानं नवा चकचकीत फ्लॅट घेऊ नये. क्लासपासून चालत दहा मिनिटांवरचा, पहिल्या मजल्यावरचा, दोन बोअर आणि खाली मोठा हौद असलेला जुना फ्लॅट घासाघीस करून घ्यावा. भाडेकरू टाइल्स बघत नाही, पाणी बघतो. छत्रपती संभाजीनगरला वाळूजजवळ बजाजनगर, रांजणगावकडं कामगारांना खोल्या देणारे कित्येक जण ह्याच हिशोबानं नीट उभे राहिलेत. खाली स्वतः राहतात, वर खोल्या. कर्ज काढून घेणाऱ्यांनी मात्र जपावं. २० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलं तर हप्ता १७,४०० च्या आसपास येतो. पाणी रेल्वेनं आलं तरी बँकेचा हप्ता थांबत नाही, हे मी बँकवाला म्हणून सांगतो. मुलगा कर्ज काढतो म्हणाला तर त्याला म्हणा, आधी पुण्यात स्वतःच्या डोक्यावरचं छत बघ.

आता तुम्ही काय करावं.

पहिलं काम, ह्याच आठवड्यात पोस्टात किंवा बँकेत जा आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं विचारा. तुम्ही म्हणाल माझी साठी कुठं झालीय? ५५ ते ६० मध्ये निवृत्त झालेल्यालाही हे खातं उघडता येतं, मुख्य अट, निवृत्तीचा पैसा हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत. तुमचा एक महिना तर गेलाच. निवृत्तीचा आदेश आणि रक्कम मिळाल्याचा कागद बरोबर न्या. जास्तीत जास्त ३० लाख ठेवता येतात. एप्रिल २०२३ पासून ८.२ टक्के दर चालत आलाय, आणि ज्या दरानं खातं उघडाल तो पाच वर्षं बदलत नाही. ३० लाखांवर दर तिमाहीला ६१,५००, वर्षाला २ लाख ४६ हजार. टाइल बदलायची नाही, गिझर टोकरायचा नाही. खात्यात वहिनींचं नाव जोडता येतं. मधेच मोडलं तर थोडी कपात होते, पण भावकीला "अडकलेत पैसे" म्हणून सांगता येतं, आणि ते खोटंही नसतं. वहिनींच्या आजाराला हे औषध चालेल असं मला वाटतं. कराची काळजी नको. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर भरावा लागत नाही, आणि पेन्शन, व्याज मिळून तुम्ही त्याच्या बरेच आत आहात. टीडीएस कापला गेलाच तर विवरणपत्र भरून परत घ्या.

बारा-तेरा टक्के देणाऱ्या पतसंस्थेत मात्र एक रुपयाही नको, मॅनेजर तुमचा विद्यार्थी असला तरी. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेच्या ठेवीला तो नसतो.

दुसरं काम, घराच्या गच्चीवर जा. पत्राच्या शेवटी सहज लिहून गेलात, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथंच उभं आहे, सळयांच्या रूपानं. अहमदपूर तालुक्याचं गाव. तहसील, बँका, कॉलेजं, दवाखाने. बदलीवर आलेला बँकेचा कारकून, नवीन लागलेली नर्स, असं एक-दोन माणसांचं बिऱ्हाड कायम जागा शोधत असतं. वर दोन वन-रूम-किचन काढा, पावणेतीनशे फुटांची एकेक. साडेपाचशे फूट, १,८०० रुपये फुटानं सुमारे दहा लाख, जिना-टाकी धरून अकरा. साडेचार हजारांनी दोन्ही गेल्या आणि वर्षात एकेक महिना रिकामा धरला तरी ९९ हजार. बारा हजार खर्च काढा, राहिले ८७ हजार. अकरा लाखांवर जवळजवळ आठ टक्के. लातूरच्या फ्लॅटचे चाळीस लाख घालून हातात लाखभर येत होता; इथं अकरा लाखांत जवळपास तेवढाच येतो. फरक एवढाच की जागेचा पैसा तुम्ही २००३ च्या आधीच देऊन बसलात. आणि मोटर जळाली तर फोन येत नाही, आवाज येतो.

पण गुत्तेदाराला बोलावण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. वीसेक वर्षं पावसात उभ्या असलेल्या सळया आहेत त्या. किती गंजल्या, घासून भागतं की कापून नव्या जोडायच्या, काळ्या मातीत पाया किती खोल नेलाय, कॉलम आणखी एक मजला पेलतात का, हे गुत्तेदार सांगत नाही, तो "होऊन जातं साहेब" म्हणतो. ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट आपल्या जिल्ह्यानं बघितली आहे, मी जास्त लिहीत नाही. नगरपरिषदेची परवानगी काढा, वीज मीटर वेगळं घ्या. इंजिनिअर नाही म्हणाला तर नाही. अकरा लाख साध्या बँकेत पडून राहू द्या. उरलेले तीन लाख तसेही दवाखान्यासाठी हाताशी हवेत.

राहिले साडू. त्यांना माझं नाव सांगू नका, अडीच टक्के सांगू नका, काळ्या-पांढऱ्याचा विषय तर अजिबात काढू नका. साडूशी हिशोबात जिंकून कुणाचं भलं झालंय? फक्त म्हणा, "दाजी, तुमच्या मेव्हणीनं पैसे आधीच पोस्टात टाकले." मेव्हणीपुढं ते बोलणार नाहीत. मग त्यांना गच्चीवर न्या, सळया दाखवा आणि सिमेंट-सळईचा भाव लातुरात कुठं बरा मिळतो ते विचारा. त्यांना ते नक्की ठाऊक असेल. वहिनींना सांगा, कुरडया वाळवायची गच्ची कुठं जात नाही, फक्त एक मजला वर सरकते.